वाटेवरची मंडळी

आमचे सर अंडं खात नसत. मासे खात, कोंबडीसुद्धा चापून खात, आणि स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्यात सुरमईची तुकडी दिसली की न विचारता हात घालत. पण अंडं म्हटलं की ताट पुढे सरकवायचे. "अंड्याशी आपला कामाचा संबंध आहे," म्हणायचे. "ऑफिसातल्या माणसाला कोणी खातं का?" मग कोंबडी कशी चालते, असं मी एकदा खोचून विचारलं. तर म्हणाले, "कोंबडीचं सगळं होऊन गेलेलं असतं गं. अंड्यात मंडळी अजून वाटेवर असतात."

मंडळी म्हणजे मेंदूच्या पेशी. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण त्या खोलीत दुसरा विषयच नसे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बोरिवलीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. लग्न नुकतंच झालेलं, परळच्या चाळीतून बोरिवलीच्या दोन खोल्यांत येऊन पडलेली. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलंच नाही.

"मूळ कुठलं?"

"देवगड."

"मग?"

"मग परळ. वडील मिलमध्ये होते."

"थेट परळ? मध्ये कुठे थांबलात?"

"थोडे दिवस लालबागला होतो. काकांकडे."

"आणि आता बोरिवली. बरोबर आहे," ते म्हणाले. मी फळ्यावर एखादं गणित सोडवून दाखवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. माझं नाव त्यांना पुढे कित्येक दिवस धड आठवत नसे, पण मी देवगड-लालबाग-परळ-बोरिवली आहे, हे ते विसरले नाहीत. माणूस कुठे राहतो यापेक्षा तो कुठल्या वाटेने तिथे आला हे विचारावं, असं त्यांचं म्हणणं होतं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते हेच विचारत, आणि तो बिचारा जिलबी हातात धरून सगळं सांगत बसे.

या खोडीचं मूळ त्यांच्या विषयात होतं. मेंदू घडत असताना पेशी जन्मतात आत, अगदी गाभ्याशी, जिथे पाण्याने भरलेली एक पोकळी असते तिच्या भिंतीला. राहायला मात्र त्यांना जायचं असतं बाहेरच्या थरांत. मधलं अंतर त्यांच्या आकाराच्या मानाने प्रचंड. मग जायचं कसं? तर काही पेशी आतल्या भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत लांबच लांब धागा ताणून बसलेल्या असतात. नवी पेशी त्या धाग्याला बिलगते आणि सरकत सरकत वर जाते. आपला थर आला की धागा सोडते आणि तिथली होऊन जाते. एवढंच. पण हे "एवढंच" सांगताना सरांचा चष्मा घामाने नाकावरून घसरत असे.

मुलांना हे कळावं म्हणून त्यांनी एकदा भर वर्गात प्रयोगशाळेच्या मधल्या खांबाला मिठी मारली. सर मूळचे मालवणकडचे. लहानपणी माडावर चढलेले. एक पाय जमिनीवरून उचलून, खांबाला पोट लावून ते दाखवत होते की पेशी आधी हात पुढे टाकते, मग अंग ओढून घेते. नेमके त्याच वेळी प्रिन्सिपॉल तपासणीच्या समितीला घेऊन दारात उभे राहिले. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हे कोण?" प्रिन्सिपॉल छताकडे बघायला लागले. सर मात्र खांब न सोडता मान वळवून म्हणाले, "पाच मिनिटं बसा मॅडम, मी अजून अर्ध्यावर आहे." समिती बसली. आम्ही सगळ्यांनी ओठ चावून ती पाच मिनिटं काढली.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. कॉलेजच्या मागे एका सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहायचे. त्या सोसायटीत एकदा मोठं भांडण पेटलं. इमारतीवर दोन मजले वाढवले होते, आणि वर आलेल्या नव्या लोकांना गच्ची जवळ, टाकी जवळ, वाराही जास्त. खालचे जुने सभासद चिडले होते. आम्ही आधी आलो आणि हे येऊन आमच्या डोक्यावर बसले! सरांनी सभेत उठून सांगितलं की यात चिडण्यासारखं काही नाही, उंदराच्या नि माकडाच्या मेंदूतही असंच असतं. आधी आलेल्या पेशी आतल्या थरात बसतात, मागाहून येणाऱ्या त्यांच्या अंगावरून पुढे जाऊन वरचा थर धरतात. आपल्या मुंबईचंही तेच नाही का? आधीचे लोक गिरगाव-परळला बसले, मागाहूनचे त्यांना ओलांडून बोरिवली-मुलुंडला आले. मग सेक्रेटरी म्हणाला, "सर, ते सगळं झकास. पण मग पाण्याच्या टाकीचं काय?" त्यावर माकडाच्या मेंदूत तोडगा नव्हता. सर खाली बसले.

प्रयोगाची अंडी ते बाजारातली घेत नसत. पोल्ट्रीच्या पांढऱ्या अंड्यात पिल्लू कुठलं? कोंबड्यांबरोबर कोंबडा हिंडणारा हवा. म्हणून सर होडीने खाडी ओलांडून गोराईला जात. तिथे एका ख्रिस्ती बाईकडे गावठी कोंबड्या होत्या. तिच्या अंगणात बसून सर तासभर कोंबड्यावर नजर ठेवत आणि त्याची वागणूक पसंत पडली तरच अंडी घेत. ती बाई सगळ्यांना सांगायची की मास्तर चांगला आहे, फक्त जरा डोक्याने हललेला आहे. परत येताना टोपली मांडीवर घेऊन ते रिक्षात बसत आणि खड्डा आला की रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारत. "हळू रे बाबा, आत पोरं झोपलीत!" रिक्षावाला दचकून मागे बघायचा.

मग ती अंडी इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची, दिवसातून अनेकदा हाताने फिरवायची, रविवारीसुद्धा, आणि ठरल्या दिवशी फोडून आतल्या चिमुकल्या मेंदूला चांदीचा रंग द्यायचा. हा रंग मोठा लहरी. शंभरातल्या एखाद्याच पेशीला लागतो, आणि त्याच पेशीला का, ते कुणाला सांगता येत नाही. सरांना ते फार आवडायचं. म्हणायचे, "सगळ्यांना लागला असता तर नुसता काळोख दिसला असता." जन्मलेल्या पेशी त्यांना दिसल्या होत्या, पोचलेल्या दिसल्या होत्या. धाग्याला बिलगून अर्ध्या वाटेवर असलेली एक पेशी नीट, अख्खी, त्यांना स्वतःच्या काचेवर बघायची होती. परदेशात लोकांनी केव्हाच बघितली होती. त्याचं त्यांना काही नव्हतं. "त्यांनी त्यांची बघितली. मला माझी बघायचीय."

मला दिवस राहिले तेव्हा आम्ही घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. आधी एकदा तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवायला सांगितलं होतं. तरी सरांना कळलं. मी फॉर्मॅलिनची बाटली उघडली आणि नाकाला पदर लावून दाराशी पळाले, एवढ्यावरून. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या वरच्या फळीवर गेल्या होत्या. "आजपासून कुठल्याही बाटलीला हात लावायचा नाहीस," एवढंच बोलले. पुढे काही आठवडे गेले आणि एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन, समोर सेकंड इयरची मुलं बसलेली असताना, म्हणाले, "निघाली असतील गं मंडळी."

मी लाजेने मेले. पण खरं सांगू? त्यानंतर मी रोज त्या बातमीची वाट बघायला लागले. बाकी सगळे मला खाण्यापिण्याचं सांगत. सर सांगत आत काय चाललंय ते. आज एवढ्या पेशी जन्मल्या असतील की मोजता येणार नाहीत. आज पहिल्यांनी जागा धरली असेल. आज मागचे पुढच्यांना ओलांडताहेत, गर्दी आहे, तू जिने चढू नकोस. जिन्याचा आणि त्याचा काहीच संबंध नव्हता, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, नवरा पेपर वाचत "हो का" म्हणायचा, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "त्या मास्तराला आपल्या घरातलं कोण सांगतं?"

त्याच सुमारास फर्स्ट इयरच्या वर्गात पुरळाची साथ आली. तिसरा महिना अजून सरला नव्हता आणि मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, मानेवर, पाठीवर बारीक लाल पुरळ. डॉक्टरांनी बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली. हा जर्मन गोवर दिसतोय, ते म्हणाले. मोठ्या माणसाला याने काही होत नाही. पोटातल्या बाळाला मात्र डोळ्यांचं, कानांचं, हृदयाचं, मेंदूचं काहीही होऊ शकतं. किंवा काहीच होणार नाही. आधी सांगता येत नाही. ठेवायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवा आणि लवकर ठरवा.

बरी होऊन मी कॉलेजात गेले ती थेट सरांकडे. सासूबाई नको म्हणत होत्या, आई ठेव म्हणत होती, नवरा नुसता माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, या एका माणसाला आतलं माहीत आहे. सर इन्क्युबेटरपुढे बसून अंडी फिरवत होते. ज्या माणसाला गप्प बसवायला आम्ही घंटेची वाट बघायचो, तो माझं सगळं ऐकून घेऊन नुसती अंडी फिरवत राहिला.

"सर, बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"आत काय चाललंय ते. रोज सांगत होतात ना!"

त्यांनी हातातलं अंडं जपून खाली ठेवलं. "मला कोंबडीचं माहीत आहे," ते म्हणाले. "तुझ्या पोराचं मला काही माहीत नाही."

असा राग आला मला! इतके दिवस उठल्यासुटल्या सांगत होतात, आणि आता जीव टांगणीला लागलाय तेव्हा माहीत नाही? मी हे त्यांना तोंडावर म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी रडत घरी आले. नवऱ्याला म्हटलं, ठेवायचं, जे होईल ते आपलं. तो म्हणाला, "ठेवायचं." तो विषय आमच्यापुरता तिथे मिटला. भीती काही मिटली नाही. रात्री कूस बदलली तरी वाटायचं, कुणाची तरी धाग्यावरची पकड सुटेल.

चार-पाच दिवसांनी दुपारी डबा विसरले म्हणून मी प्रयोगशाळेत परत गेले. प्रॅक्टिकल संपून मुलं गेली होती. दार लोटलेलं होतं. आत सर चपला काढून, हात जोडून इन्क्युबेटरपुढे उभे होते. इन्क्युबेटरवर नारळ आणि पानाचा विडा. त्यांच्या मागे आमचा लॅबचा शिपाई बाबी, कुडाळचा, तोही हात जोडून. हे तेच सर, जे कॉलेजच्या सत्यनारायणाला बाहेरच्या बाकावर बसून "माझा फक्त शिऱ्यावर विश्वास आहे" म्हणायचे.

"बा देवा म्हाराजा!" सर म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" बाबी म्हणाला.

"आमच्या ह्या लेकीच्या पोटातल्या लेकराच्या डोक्यात जी काय मंडळी वाटेक लागली असात, ती आपापल्या जाग्यार नीट पोचू दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण वाटेत अडाकलो असात तर तेका हात दी. कोण वाट चुकलो असात तर तेका वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबी म्हणाला, आणि मग हळूच, "सर, कोंबो बोलूचो काय?"

आमच्याकडे अडचणीत देवाला असं गाऱ्हाणं घालतात आणि कोंबडा बोलतात. काम झालं की कोंबडा कापून नवस फेडायचा. लहानपणापासून बघितलेलं. सरांनी इन्क्युबेटरवर हात ठेवला.

"कोंबो नको रे," ते म्हणाले. "ही अंड्यांची खेप सोडलंय म्हणान सांग."

मी डबा न घेताच मागे फिरले. जिन्यात मला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

खेप फोडायचा दिवस आला. याच दिवसांत पेशी वाटेवर असतात, या दिवसासाठी सरांनी महिनाभर गोराईचा कोंबडा पारखला होता. मी मुद्दाम म्हटलं, "सर, आज फोडायची ना?"

"ह्या खेपेला नको."

"हीच तर खेप."

"कळतं मला. तू अंडी फिरव."

मी अंडी फिरवली. मग राहवेना म्हणून विचारलं, "सर, गाऱ्हाण्याने गुण येतो?"

ते दचकले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. "म्हणजे तू बघितलंस. नाही गं, गुण कसला येतोय. देवाला गाऱ्हाणं घालून पोटातल्या पेशी हलत नाहीत, हे मला कळतं. पण सगळा जन्म ह्यात घालवला आणि तू विचारलंस तेव्हा मला काही सांगता आलं नाही. काही करता आलं नाही. मग काय करू? पाय धुवून उभा राहिलो." मी त्यांच्यावर ओरडले होते, ते सगळं माझ्या मनातून तिथेच गेलं.

यथावकाश अंडी फुटली आणि प्रयोगशाळेत पिल्लं झाली. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. गांडुळाच्या हृदयावर प्रश्न विचारताना त्यांच्या बुटाच्या नाडीला एक पिल्लू टोचा मारत होतं. प्रिन्सिपॉलांनी सरांना बोलावून घेतलं. ज्या माणसाने आयुष्यात अंड्याचा एक दिवस इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो शांतपणे म्हणाला, "हिशेब चुकला." मग बाबीबरोबर खोक्यात घालून सगळी पिल्लं होडीने गोराईला परत नेली. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "काय रे मास्तर, या खेपेला शिजली नाय काय?" पुढच्या महिन्यात सरांनी नव्याने अंडी आणली, पण चांदी रुसली ती रुसलीच. वाटेवरची पेशी त्या वर्षी काही दिसली नाही.

मला मुलगी झाली. वजनाला कमी, पण रडायला खणखणीत. सगळ्यांनी पेढे वाटले. मला मात्र पेढा गिळवेना, कारण डॉक्टर म्हणाले होते, बघत राहा. ती बघते का, ऐकते का, मान धरते का, हे कळायला दिवस जावे लागतात. बारशाला सर आले आणि त्यानंतर महिन्यातून एकदा येत राहिले. खिशात एक छोटा टॉर्च असायचा. आल्या आल्या तिच्यामागे जाऊन जोरात टाळी वाजवायचे. ती दचकली की हे खूश. मग टॉर्च डावीकडे, उजवीकडे. सासूबाई दारात उभ्या राहून मला विचारायच्या, "हा मास्तर पोरीला खेळवतो की तपासतो?" मी म्हणायची, दोन्ही. चहा घेऊन ते निघून जात. कधी काही बोलत नसत, आणि मीही विचारत नसे. पुन्हा "माहीत नाही" ऐकायची माझी तयारी नव्हती.

मुलीने मान धरली. बसली. रांगली, भिंत धरून उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. दीड वर्षाची असताना असाच एकदा सरांनी तिच्या डोळ्यांपुढे टॉर्च धरला. तिने तो दोन्ही हातांनी हिसकावून घेतला. उलटसुलट करून बघितला, खटका शोधला, दाबला, आणि उजेड सरांच्या तोंडावर मारला. मग स्वतःवरच खूश होऊन खदाखदा हसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, बग!"

सर डोळे मिटून तिच्या उजेडात तसेच बसून राहिले. चष्म्याखालून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

मी धीर केला. "सर, आता तरी सांगा."

"पोचली गो मंडळी," ते म्हणाले. "आता फुडचा तेंचा ते बघतले."

आणि टॉर्च तिच्याच हातात राहू देऊन ते चपला शोधायला लागले.